परधानाची किंगरी

पुरुषाने रडू नये हा दंडक आमच्या समाजात इतका जुना आहे की, तो घातला कोणी, असे विचारण्याचेही कोणास सुचत नाही. मुलगा चार वर्षांचा होतो न होतो तोच ‘मुलीसारखा रडतोस काय?’ हे शब्द त्याच्या कानी पडतात. परंतु रडू आवरले म्हणून दुःख नाहीसे होते असे नाही. मग ते जाते कोठे? या प्रश्नाचा विचार करू लागलो की आमचे मन चांद्याच्या झाडीकडे वळते. तेथील लोकांनी त्यावर काढलेली तोड आम्हां पदवीधरांच्या तोडीहून शहाणपणाची आहे. निर्दोष मात्र नाही.

चांदा म्हणजे आजचे चंद्रपूर. गडचिरोलीचा जिल्हा त्यातून १९८२ साली निराळा झाला. येथील गोंड राजांचे राज्य अठराव्या शतकाच्या मध्यास नागपूरकर भोसल्यांच्या हाती गेले, आणि १८१८ मध्ये इंग्रजांच्या तोफांनी चांद्याचा कोट फोडला. पुढे चाळीस वर्षांनी बाबूराव शेडमाके या पंचविशीतील गोंड जमीनदाराने इंग्रजांविरुद्ध शस्त्र उचलले आणि २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्याच्या तुरुंगात तो फासावर गेला. त्याचा पराक्रम आज सर्वतोमुखी आहे, आणि तो असावाही. परंतु पराक्रमाच्या स्मृतीत भीतीला जागा नसते. त्या रात्री त्याच्या घरच्या माणसांवर काय गुजरले असेल, त्याच्याबरोबरच्या ज्या तरुणांनी जंगलाचा आश्रय घेतला त्यांनी पुढे आपल्या मुलांना काय सांगितले असेल, हे जयजयकारात ऐकू येत नाही. वीराच्या वंशजास वीरश्री वारशाने मिळते असे आपण मानतो; त्याच वारशात भयही येत असले पाहिजे, आणि त्याचे नाव मात्र कोणी घेत नाही.

गोंडांच्या घरी हे नाव घेणारा एक मनुष्य परंपरेने ठरलेला असे. तो परधान. यजमानाच्या कुळाची कथा, त्याच्या पेरसापेन या देवाची कथा, पूर्वजांची भटकंती व हाल हे सारे तो किंगरीवर गात असे. मृतास कुलदेवतेत मिळविण्याच्या विधीत तो हवाच. ऑस्ट्रियाहून आलेले मानवशास्त्रज्ञ फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांनी सन १९४० नंतरच्या दशकात चांद्याला लागून असलेल्या आदिलाबादेत या मंडळींचा अभ्यास केला. तेथील परधानांच्या घरची भाषा मराठी, पण यजमानाची कथा गावयाची ती गोंडीत! म्हणजे दुःख एकाचे, कंठ दुसऱ्याचा. कुळाचा कर्ता पुरुष स्वस्थ बसून ऐकतो. त्याच्या मिशीस धक्का लागत नाही, आणि जे त्याच्या आजाने गिळले ते किंगरीच्या तारेवरून त्याच्या मुलाच्या कानी पोहोचते. आम्हांस ही योजना फार मोलाची वाटते. न बोललेले दुःख मुलास नुसत्या धाकाच्या, चिडखोरपणाच्या किंवा अबोल्याच्या रूपाने मिळते, आणि ते कशाचे हे त्यास कळत नाही. गायिलेल्या दुःखास निदान आरंभ असतो, शेवट असतो, आणि ते एकट्याचे नसते.

पण यातला अन्याय डोळ्यांआड करून चालणार नाही. ज्याच्या तोंडून आपल्या कुळाचे दुःख वदवून घ्यावयाचे त्या परधानाच्या हातचे अन्न गोंड खात नसे. गोंडी परंपरेतील कचारगडची कथा येथे आठवते. गुहेत कोंडलेल्या देवपुत्रांना सोडविताना हिरासुका पाटालीर या वादकाने आपल्या वाद्याच्या बळावर दारावरची शिळा हलविली. मुले सुटली, आणि शिळेखाली तो स्वतः चिरडला गेला. आज एखादा परधान तरुण शिकून नोकरीस लागला आणि त्याने किंगरी खुंटीवर टांगली, तर आमच्यासारखे रसिक लगेच ‘कला लुप्त झाली’ म्हणून हळहळतात. त्या हळहळीचा आम्हांस संकोच वाटतो. आपले अश्रू गाळण्यासाठी दुसऱ्याच्या मुलाने पिढ्यान्‌पिढ्या याचक राहावे, असे म्हणण्याचा अधिकार कोणास आहे? ध्वनिमुद्रण करून ठेवले म्हणजे झाले, असेही काही सुचवितात. सूर राहील, हे खरे. पण कोणाच्या घरी, कोणत्या मृत्यूनंतर, कोणासमोर तो वाजला, हे यंत्रास कसे ठाऊक असणार?

झाडीपट्टीने दुसरीही एक वाट काढली होती. दंडारीत स्त्रीची भूमिका पुरुषच करीत. दिवसा नांगर धरणारा शेतकरी रात्री लुगडे नेसून आक्रोश करी, आणि त्यास कोणी नामर्द म्हणत नसे. आता नाटकांतून स्त्रिया काम करतात, ते योग्यच झाले. वडशाच्या कंपन्यांची नाटके दिवाळीपासून होळीपर्यंत रात्र रात्र चालतात, आणि करुण प्रसंगी पेटी रडू लागली म्हणजे घोंगडीत गुरफटलेले बापे काळोखात डोळे पुसताना आम्ही पाहिले आहेत. दिवा लागला की तेच खाकरून विडी पेटवतात.

आमच्या वडिलांना अशी नाटके ग्राम्य वाटत. त्यांचा धाकटा भाऊ ऐन तारुण्यात वारला. त्यांनी त्याचे नाव पुन्हा कधी उच्चारले नाही. मात्र रात्री झोपाळ्याच्या कडीवर बोटांनी ते एकच ठेका धरून बसत. तो कशाचा, हे आम्ही कधी विचारले नाही; विचारण्याची छातीच झाली नाही. परवा मुलांच्या परीक्षेच्या उत्तरपत्रिका तपासताना आमची बोटे मेजावर वाजू लागली, आणि शेजारी वाचत बसलेल्या मुलाने मान वर करून विचारले, ‘‘बाबा, हे तुम्ही नेहमी काय वाजवता?’’ आम्ही हात आवरून घेतला आणि त्यास अभ्यास करावयास सांगितले.