आधी गुरं, मग जमीन



१५ मे हा संत इसिदोर ह्यांचा सण. बाराव्या शतकात स्पेनमधील माद्रिदजवळ एका जमीनदाराच्या शेतात हा माणूस आयुष्यभर राबला. आपल्या भाषेत सांगायचे तर सालदार. १२ मार्च १६२२ रोजी पोप पंधरावे ग्रेगरी ह्यांनी संत फ्रान्सिस झेवियर, संत इग्नेशियस लोयोला, संत तेरेसा आणि संत फिलिप नेरी ह्यांना संतपद बहाल केले. त्याच समारंभात ह्या सालदारालाही संत म्हणून घोषित केले गेले. एवढ्या थोर मंडळींच्या पंक्तीत नांगर धरणारा माणूस बसला, ह्याचे आपल्या यवतमाळ जिल्ह्यातील भाविकांना विशेष कौतुक वाटायला हवे.

हा सण येतो तोही पेरणीच्या तोंडावर. मृग जवळ आला आहे. घरोघरी हिशेब सुरू आहेत. कपाशीच्या बियाण्याची पाकिटे किती, सोयाबीनच्या बॅगा किती, खत किती, कृषी केंद्रातली मागची उधारी किती. ह्या हिशेबात घरच्या भाकरीची ज्वारी आणि गोठ्यातल्या गाईचा चारा आपल्यापैकी कितीजण धरतात? ह्या रविवारी आपण एवढ्याच प्रश्नाचा देववचनाच्या प्रकाशात विचार करू या.

योसेफाची गोष्ट आपल्या मुलांनासुद्धा पाठ आहे. भावांनी त्याला विकले, फारोला सात लठ्ठ आणि सात रोड गाईंचे स्वप्न पडले, योसेफाने कोठारे भरून ठेवली, आणि शेवटी भाऊ-भाऊ गळ्यात पडून रडले. बहुधा आपण तिथेच थांबतो. पण त्यापुढे एक भाग आहे जो प्रवचनातून फारसा ऐकू येत नाही (उत्पत्ती ४७:१३-२६). दुष्काळ लांबतो. लोक फारोच्या कोठारातून धान्य विकत घेतात, घेता घेता त्यांच्याजवळचा सगळा पैसा संपतो. मग ते योसेफाकडे येतात. योसेफ म्हणतो, पैसा नसेल तर गुरे आणा. लोक घोडे, शेळ्या-मेंढ्या, गाई-बैल, गाढवे आणून देतात आणि त्या बदल्यात वर्षभराचे अन्न घेऊन जातात. पुढच्या वर्षी ते पुन्हा येतात. आता पैसा नाही, गुरे नाहीत. उरली फक्त जमीन आणि स्वतःचे शरीर. तेही ते देऊन टाकतात. सारा मिसर देश फारोचा होतो, आणि काल शेताचा मालक असलेला माणूस आज फारोच्या शेतात पाचवा हिस्सा भरून राबणारा मजूर होतो.

योसेफाने लोकांचे प्राण वाचवले, हे खरेच. लोकांनी त्याचे उपकारही मानले. पण बायबल किती प्रामाणिक आहे पाहा. त्या उपकाराची किंमत ते लपवत नाही. आधी पैसा, मग गुरे, मग जमीन, मग माणूस, हा क्रम पवित्र शास्त्राने जसाच्या तसा नोंदवून ठेवला आहे. ह्या क्रमात गुरे मध्ये आहेत, हे आपण नीट लक्षात घेतले पाहिजे. गोठ्यात जनावर आहे तोवर माणूस आणि सावकार ह्यांच्यामध्ये एक भिंत असते. गोठा रिकामा झाला की सातबाऱ्याला हात लागतो. यवतमाळच्या शेतकऱ्याला हे कुणी समजावून सांगण्याची गरज नाही.

आपल्याकडे गोठे रिकामे कसे झाले? गाय एका दिवसात गेली नाही. आधी ज्वारी गेली. पूर्वी ज्याच्याकडे पाच एकर वावर होते, तो सगळ्यात कापूस लावत नसे. कपाशीत तुरीची तासं असत, एका बाजूला ज्वारी, तिच्यात मूग, उडीद, बरबटी, धुऱ्यावर अंबाडी आणि थोडा तीळ. ज्वारीच्या कणसांतून घरची भाकर निघे, ताटांचा कडबा होई. कडब्यावर गाय-बैल उन्हाळा काढत. त्यांचे शेण पुन्हा त्याच वावरात जाई. ह्या फेऱ्यात पैसा जवळजवळ नव्हताच, म्हणून कर्जालाही शिरायला जागा कमी होती. पुढे सोयाबीन आले. २००२ साली बीटी कपाशीला परवानगी मिळाली आणि काही वर्षांत तिने वावर व्यापले. ज्वारीचा तुकडा आधी लहान झाला, मग दिसेनासा झाला. सोयाबीनचे कुटार जनावर खाते, पण कडब्याची सर त्याला नाही. कडबा विकत घ्यावा लागला तेव्हा गाय परवडेना. गाय गेली तेव्हा शेणखत गेले. शेणखत गेले तेव्हा खताची बॅग उधारीवर आली. एक ज्वारी सोडली, तर चार गोष्टी विकत घ्याव्या लागल्या.

ह्या एकाच पिकाच्या मागे लागून आपण काय मोजले आहे, तेही विसरता येत नाही. २०१७ च्या हंगामात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन आपल्या जिल्ह्यात सुमारे वीस शेतकरी-शेतमजूर दगावले आणि शेकडो जण रुग्णालयात भरती झाले. आत्महत्यांबद्दल इथे आकडे देत नाही. ज्यांच्या घरात ते घडले, ती कुटुंबे आपल्याच बाकांवर बसलेली असतात.

शासनाने काही केले नाही असे नाही. २००६ च्या जून महिन्याच्या अखेरीस तत्कालीन पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात आले आणि आपल्यासह सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर झाले. शेतकऱ्याला जोडधंदा हवा, हा विचार योग्यच होता. त्या काळात अनुदानावर संकरित, जास्त दूध देणाऱ्या गाई वाटल्या गेल्या. पण ज्या गावात साध्या गाईला कडबा नाही, तिथे ही मोठ्या खुराकाची गाय काय खाणार? तिला ढेप हवी, हिरवा चारा हवा, सावली हवी, वेळेवर डॉक्टर हवा. दुधाच्या पैशातून खुराकही निघत नाही म्हणून हैराण झालेल्या विदर्भातल्या शेतकऱ्यांच्या हकिकती पत्रकार पी. साईनाथ ह्यांनी त्याच वर्षी वृत्तपत्रातून मांडल्या होत्या. गाय दिली, पण गाईच्या खालची जमीन पाहिली नाही. आपल्या भागातली बेरारी शेळी आणि नागपुरी म्हैस ह्या राष्ट्रीय पातळीवर मान्यता मिळालेल्या जाती आहेत. आपल्या उन्हात टिकतात, काट्याकुट्यावर आणि कुटारावर भागवतात, दूध थोडे देतात पण मालकाला कर्जात बुडवत नाहीत. त्यांच्याकडे मात्र सहसा कुणी योजना म्हणून पाहत नाही.

धान्याचेही तसेच. २०१५ साली शासनाने विदर्भ-मराठवाड्यातील चौदा आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांत केशरी रेशनकार्ड असलेल्या शेतकरी कुटुंबांनाही स्वस्त धान्य सुरू केले. माणशी पाच किलो, गहू दोन रुपये आणि तांदूळ तीन रुपये. अनेक घरांची चूल त्यावर पेटली, हे उघड आहे. २०२३ मध्ये त्या कुटुंबांसाठी धान्याऐवजी माणशी दरमहा १५० रुपये खात्यात देण्याचे ठरले. मदत घेणाऱ्याला नावे ठेवण्याचे पाप आपल्या हातून न घडो. तरी एवढे मनाशी धरावे, की अन्न पिकवणारा माणूस अन्नासाठी दुसऱ्याच्या कोठाराकडे पाहू लागला, की कोठारवाला ठरवेल ते त्याला मान्य करावे लागते. मिसर देशात हेच झाले. कापसाच्या भावाचेही हेच. ऑगस्ट २०२५ मध्ये कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क उठवले गेले आणि ती सवलत डिसेंबरअखेरपर्यंत वाढवली गेली, म्हणजे नेमका आपला कापूस बाजारात येण्याच्या दिवसांत. त्या निर्णयात पांढरकवड्याच्या किंवा घाटंजीच्या शेतकऱ्याला कुणी विचारले नव्हते. घरात दोन पोती ज्वारी असेल तर भाव पडल्याचे दुःख होते, पण उपास घडत नाही.

जगभर लहान पशुपालकांची हीच ओढाताण आहे. आफ्रिकेतील कॅमेरून देशात युरोपातून गोठवलेली स्वस्त कोंबडी येऊ लागली आणि घरोघरी कोंबड्या पाळणारे देशोधडीला लागले. तिथल्या नागरिकांनी २००४ च्या सुमारास मोठी मोहीम चालवली आणि सरकारला आयातीवर बंधने घालावी लागली. आपल्या देशाने नोव्हेंबर २०१९ मध्ये आरसेप ह्या व्यापार करारात जाण्याचे नाकारले, त्यामागे परदेशी दुधापुढे आपले दूध उत्पादक टिकणार नाहीत ही भीती हे एक मोठे कारण होते. पोप फ्रान्सिस ह्यांनी २०१५ च्या ‘लाऊदातो सी’ ह्या विश्वपत्रात लहान शेतकऱ्यांचा मुद्दाम उल्लेख केला आहे. जगातल्या बहुसंख्य लोकांचे पोट असेच लोक भरतात, म्हणून त्यांना पाठबळ देणे हे शासनकर्त्यांचे कर्तव्य आहे, असे ते सांगतात.

आता कुणी म्हणेल, फादर, ज्वारी पेरा म्हणणे सोपे आहे. पेरल्यावर रानडुकरे आणि रोही काय ठेवतात? पाखरे काय ठेवतात? हा आक्षेप अगदी खरा आहे, आणि ज्वारी सोडणारा शेतकरी आळशी होता असे समजणे अन्याय ठरेल. पण आपले जुने लोक सांगतात की, शिवारात सगळ्यांची ज्वारी होती तेव्हा पाखरांचा वाटा सगळ्यांत विभागला जाई. आता एकट्याने अर्धा एकर पेरली तर अख्ख्या शिवारातली पाखरे त्याच्याच वावरात उतरतात. म्हणजे हे काम एकट्याचे नाहीच. लागून वावरे असलेल्या चार-पाच घरांनी ठरवून धुऱ्याला धुरा लावून ज्वारी पेरली, जागलीच्या पाळ्या वाटून घेतल्या, तर काही हाती लागते. आपले लहान ख्रिस्ती समूह महिन्यातून एकदा जपमाळेसाठी जमतात. जागलीच्या पाळ्याही तिथेच ठरू शकतात. शेजारी हिंदू, बौद्ध किंवा कोलाम बांधवाचे वावर असेल तर त्यालाही बोलवावे. डुक्कर धर्म विचारून येत नाही.

दुसरे उदाहरण आपल्याच जिल्ह्यातले. २०२५ साली पद्मश्रीने गौरवलेले यवतमाळचे शेतकरी सुभाष शर्मा ह्यांनी अनेक वर्षे रासायनिक शेती केली. खर्च वाढला आणि पीक घटले, तेव्हा नव्वदीच्या दशकात ते नैसर्गिक शेतीकडे वळले. गाईचे शेण, झाडे, वावरातच अडवलेले पाणी आणि मिश्र पिके ह्यांच्या आधारावर त्यांनी शेती उभी केली. त्यांच्यासारखे सगळे करणे प्रत्येकाला जमेल असे नाही. ज्याच्याकडे दोन एकर आणि मुलीचे लग्न आहे, त्याला उद्यापासून सगळे बदल असे सांगू नये. पण एक कोपरा, एक गाय किंवा दोन शेळ्या, परसात दहा गावरान कोंबड्या, इथून सुरुवात करता येते.

ज्यांच्याकडे वावर नाही, नोकरी आहे, त्यांचाही ह्यात वाटा आहे. दूध घालायला येणाऱ्या बाईचे पैसे महिना महिना थकवू नयेत. संत याकोब (५:४) मजुराची अडवलेली मजुरी देवाच्या कानापर्यंत ओरडत जाते असे सांगतो, आणि थकलेली दुधाची उधारी काही वेगळी नाही. लग्नाला, बाप्तिस्म्याला, नाताळला बोकड आणि कोंबड्या घ्यायच्या तर आधी आपल्या गावातल्या पाळणाऱ्याला विचारावे, आणि भाव करताना त्याचा उन्हाळा आठवावा. मिसरी लोकांना मेंढपाळांचा विटाळ वाटत असे, असे उत्पत्तीच्या पुस्तकात (४६:३४) लिहिले आहे. आपल्याही गावात गुरे राखणाऱ्या गायक्याला बसायला पाट कुठे मिळतो? आणि बेथलेहेममध्ये बाळ येशूची वार्ता पहिल्यांदा कुणाला मिळाली, हे आपण दर नाताळला गव्हाणीत मांडतो.

योसेफाच्या गोष्टीत आणखी एक वाक्य आम्हा धर्मगुरूंना बोचणारे आहे. सगळ्यांची जमीन गेली, पण याजकांची गेली नाही, कारण त्यांना फारोकडून शिधा ठरलेला होता. ज्याचे ताट दुसरीकडून भरते त्याला दुष्काळ उशिरा कळतो. म्हणून ह्या पावसाळ्यात चर्चच्या मागची मोकळी जागा फुलझाडांसाठी न ठेवता तिथे ज्वारी, तूर आणि बरबटी पेरायची आहे. कडबा ज्याच्या गोठ्यात जनावर आहे पण चारा नाही अशा धर्मग्रामातल्या घरी जाईल. निंदायला तरुण मंडळाने यावे. मुलांनी गोफण आणली तरी चालेल, खिडक्या सांभाळून.

संत इसिदोर ह्यांच्या सणानंतरच्या रविवारी मिस्सेमध्ये अर्पणाच्या वेळी ज्यांच्याकडे सरळ वाणाची गावरान ज्वारी, तूर, मूग, उडीद, अंबाडी किंवा भाजीपाल्याचे घरचे बी असेल त्यांनी ओंजळभर वेदीपाशी आणावे. मिस्सेनंतर मंडपात ते आपसात वाटून घेऊ. पैसे द्यायचे नाहीत. जो नेईल त्याने पीक आल्यावर दुप्पट परत करायचे, म्हणजे पुढच्या वर्षी आणखी घरांना पुरेल. बाजारातले संकरित बियाणे आणू नये, कारण ते राखून पुन्हा पेरता येत नाही. बी कागदाच्या पुडीत आणावे आणि पुडीवर गाव, वाण आणि कोणत्या साली राखले, एवढे लिहावे.