नकाशाला ‘नाही’ कोण म्हणणार?

आपल्या धर्मग्रामांतील मुले-मुली आता अभियांत्रिकी आणि वैद्यकीय शिक्षणापलीकडच्या वाटाही चोखाळू लागली आहेत. पर्यावरण-रचना ही त्यांपैकीच एक. माणसाचे घर, अंगण, रस्ता, पाणवठा आणि भोवतीची झाडे यांचा एकत्र विचार करणारा हा विषय. अमेरिकेत बर्कले येथील विद्यापीठात १९५९ मध्ये या नावाचे स्वतंत्र महाविद्यालय स्थापन झाले. आपल्याकडे तो बहुधा वास्तुकलेच्या अभ्यासक्रमातून शिकविला जातो. सुटीत यवतमाळ जिल्ह्यातील आपल्या घरी आलेली अशी एक विद्यार्थिनी मला संगणकावर कोलामांचे एक पोड दाखवीत होती. उपग्रहाने टिपलेली छपरे, जमिनीचा उतार, नाल्याची दिशा, मे महिन्यातील ऊन कोणत्या भिंतीवर किती तास राहते, सारे पडद्यावर होते. “फादर, आता तिथे गेलेच पाहिजे असे नाही,” ती म्हणाली. तिच्या दृष्टीने हा सोयीचा मुद्दा होता. मला मात्र तो नीतीचा वाटला. ज्यांचा उंबरठा आपण ओलांडला नाही, त्यांचे घर कसे असावे हे ठरविण्याचा अधिकार आपल्याला कोठून प्राप्त होतो?

“संगणक खोटा, माती खरी” असे उत्तर देऊन मोकळे होणे सोपे आहे. परंतु याच जिल्ह्याचा अनुभव त्याच्या आड येतो. पांढरकवडा-झरी भागातील अनेक गावांत हातपंपाचे पाणी स्वच्छ, थंड आणि चवीला निर्दोष लागे. त्यातील फ्लोराइड ना डोळ्यांना दिसले, ना जिभेला कळले. मुलांच्या दातांवर डाग आले, मोठ्यांची हाडे वाकली. ते दाखविले प्रयोगशाळेने आणि विहिरींच्या नोंदींवरून केलेल्या नकाशांनी. पिढ्यान्‌पिढ्या तेथे राहणाऱ्यालाही जे कळले नाही, ते आकड्यांनी सांगितले. असे ज्ञान नाकारणे हा साधेपणा नव्हे, दुर्लक्षच होय.

मातीविषयीच्या भाबड्या प्रेमाचेही तेच. १९३६ मध्ये गांधीजी शेजारच्या वर्धा जिल्ह्यातील शेगावी, म्हणजे आजच्या सेवाग्रामी, राहावयास गेले. तेथील कुटी आजही पाहता येते, आणि पाहणारा तिच्या गारव्याने सुखावतो. पण कुडाच्या भिंती दरवर्षी लिंपाव्या लागतात आणि ते काम बहुधा घरातील स्त्रीच्याच वाट्याला येते. तिला न विचारता “मातीचेच घर उत्तम” असे सांगणारा पाहुणा संगणकवाल्याहून फारसा वेगळा नाही. (शहरात सिमेंटच्या घरात राहून असा उपदेश करणारे मला अनेकदा भेटले आहेत.)

मग प्रत्यक्ष जाण्याचे प्रयोजन काय? पॅट्रिक गेडिस हे स्कॉटिश विद्वान १९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र व नागरिकशास्त्राचे प्राध्यापक झाले. त्याआधी ते भारतातील कितीतरी शहरांच्या गल्ल्या पायी हिंडले होते. आधी पाहणी, मग आराखडा, हा त्यांचा आग्रह. त्या पायपिटीचा लाभ केवळ माहितीपुरता नव्हता असे मला वाटते. पडद्यावर एक कळ दाबली की चुकलेली भिंत नाहीशी होते. आपल्याकडची काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर चुकीचा पाया घातला तर भिंत तडकते, आणि ती चूक आखणाऱ्याच्या नव्हे, राहणाऱ्याच्या माथी येते. जागेवर गेलेल्या विद्यार्थ्याला माती अडवते, ऊन अडवते, आणि मुख्य म्हणजे माणूस अडवतो.

२०१६ पासूनच्या ग्रामीण घरकुल योजनेत घराचे किमान क्षेत्र, स्वयंपाकाची जागा धरून, २५ चौरस मीटर आहे. आकडा अयोग्य आहे असे मी म्हणत नाही. परंतु शेळ्या कोठे बांधायच्या, कापूस घरात आला की माणसांनी कोठे झोपायचे, उन्हाळ्यातील रात्री अंगणातच काढणाऱ्या कुटुंबाला खोली मोठी हवी की अंगण, हे त्या आकड्याला ठाऊक नसते. संगणकाला हे सांगता येईल, तो ते मानेलही; पण सांगणारे कोणी तरी हवे, आणि त्याने “असे नको” म्हटल्यावर रेषा बदलण्याची तयारीही हवी. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात आदिवासींच्या भूमीवर मोठे प्रकल्प आखताना त्यांनाच संवादातील प्रमुख सहभागी मानावे असे म्हटले आहे. संवाद याचा अर्थ संमतीची सही असा आपण सोयीने करून घेतला आहे.

वास्तुकलेच्या विद्यार्थ्याच्या अखेरच्या प्रकल्पाची परीक्षा अध्यापक आणि व्यावसायिक वास्तुरचनाकार घेतात. रेखाटने भिंतीवर लावलेली असतात, पुठ्ठ्याची प्रतिकृती मेजावर, संगणकावर फिरते चित्र. प्रकल्प पोडावरचा असेल तर तेथील एका बाईला एस.टी.चे भाडे आणि बुडालेली मजुरी देऊन त्या दिवशी बोलवावे, परीक्षकांच्या रांगेत खुर्ची द्यावी, आणि विद्यार्थ्याने ते घर तिला तिच्या भाषेत समजावून सांगावे. गुण किती द्यायचे ते नंतर ठरवावे.