अरण्याचा वाटा

श्रीक्षेत्र भीमाशंकर हे बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक होय. मंदिराभोवतीचे सह्याद्रीचे दाट अरण्य १९८५ साली वन्यजीव अभयारण्य म्हणून घोषित झाले. महाराष्ट्राचा राज्यप्राणी शेकरू येथे वास करतो. याच डोंगरातील वाड्यावस्त्यांत महादेव कोळी समाज पिढ्यान्‌पिढ्या नांदत आहे. हिरडा, मध, रानभाज्या व सरपण यांचा त्यांच्या संसारास मोठा आधार असतो. मग या अरण्यावर पहिला हक्क कोणाचा, वन्यजीवांचा की माणसाच्या चुलीचा?

पावसाळ्यापूर्वी कोवळा बाळहिरडा उतरवून वाळविला जातो व औषधासाठी विकला जातो. झाड उभे असेल तरच हे उत्पन्न मिळते. म्हणून वनोपज गोळा करणारा वृक्षाचा वैरी ठरत नाही. मात्र प्रत्येक फळ कोवळेपणीच उतरविले, तर बी पडणार नाही व नवे रोप उगवणार नाही. सरपणाचेही तसेच आहे. वाळलेली काटकी वेचल्याने वृक्षास इजा होत नाही. ओल्या फांद्या तुटत गेल्या तर शेकरूची वाट खुंटते. कारण तो जमिनीवर क्वचितच उतरतो, झाडावरून झाडावर जातो.

२००६ च्या वनहक्क कायद्याने परंपरेने गोळा होणाऱ्या गौण वनोपजावर वननिवासींचा हक्क मान्य केला आणि वन्यजीव व जैवविविधता यांच्या रक्षणाची जबाबदारीही त्यांच्याकडे सोपविली. हक्कासोबत मर्यादा येते, हा विचार आपणास नवा नाही. देवाच्या नावाने राखलेल्या देवराईत कुऱ्हाड चालवू नये, हा दंडक पूर्वजांनी स्वतःच स्वतःस घालून घेतला होता.

तथापि मर्यादेचा उपदेश केवळ डोंगरवासीयांस करणे न्याय्य नव्हे. ज्या घरास वर्षभर गॅस सिलिंडर परवडत नाही, त्यास चुलीबद्दल दोष कसा द्यावा? अरण्याची सावली, झऱ्याचे पाणी व तीर्थाचे पावित्र्य यांचा लाभ यात्रेकरूही घेतो. महाशिवरात्रीस व श्रावणात येथे भाविकांची दाटी होते; इतक्या जनांच्या जेवणखाण्याचा व कचऱ्याचा भार या अरण्यावरच पडतो. म्हणून अरण्य टिकावे असे ज्यास वाटते, त्याने ते टिकविण्याचा खर्च गरिबाच्या चुलीवर ढकलू नये. स्थानिकांकडील हिरडा व मध घासाघीस न करता योग्य मोल देऊन घ्यावा, प्लास्टिक परत न्यावे, दान देताना धूररहित चुलीचा व इंधनाचाही विचार करावा. वनवासीयाने मर्यादेने घ्यावे आणि भाविकाने आपला वाटा उचलावा. अशा व्यवहारानेच मंदिराभोवतीचे रान पुढील पिढ्यांसाठी उभे राहील.