डोंगर, एकांत आणि सोबत

डोंगरावर माणूस कशासाठी जातो, या प्रश्नाला भारतीय परंपरेत दोन जुनी उत्तरे आहेत. पहिले एकांताचे: वस्ती, व्यवहार आणि बोलाचाली खाली ठेवून साधकाने वर जावे. दुसरे यात्रेचे: डोंगरावरच्या देवाला चारचौघांनी मिळून, गजर करत भेटावे. शनिवारी पहाटे पाच-सहा मित्र पाठीला सॅक लावून सह्याद्रीतल्या एखाद्या पायथ्याच्या गावात उतरतात, तेव्हा त्यांच्या सहलीत या दोन्ही उत्तरांचा थोडा थोडा अंश असतो. शहराच्या गोंगाटातून सुटावे म्हणून ते निघतात, पण एकटे निघत नाहीत. सोबत घेऊन एकांताकडे जाता येते का, हा प्रश्न इथून सुरू होतो आणि तो वाटतो त्याहून बराच जुना आहे.

गीतेच्या सहाव्या अध्यायात योग्याने एकांतात एकट्याने राहून मन आवरावे, असे सांगितले आहे. तेराव्या अध्यायात ज्ञानाची लक्षणे मोजताना निवांत जागेची आवड आणि लोकांच्या मेळाव्याविषयी अप्रीती ही दोन लक्षणे शेजारीशेजारी येतात. ही निवांत जागा कशी असावी, याचे वर्णन ज्ञानेश्वरांनी सहाव्या अध्यायात फार प्रेमाने केले आहे. तिथे निर्मळ पाणी असावे, दाट झाडे असावीत, पाखरांचीही फार गर्दी नसावी, जवळ एखादा मठ किंवा शिवालय असावे. एकदा बसले की उठावेसे वाटू नये. श्रद्धा नसलेला माणूस वाट चुकून तिथे आला, तर त्यालाही तप करावेसे वाटावे. म्हणजे मन शांत करण्याचे काही काम ती जागाच करते. तुकाराम महाराज देहूजवळच्या भंडारा आणि भामचंद्र डोंगरांवर चिंतनाला जात आणि समर्थ रामदासांनी शिवथरघळीत ‘दासबोध’ रचला, असे परंपरा सांगते. महाराष्ट्राच्या धार्मिक भूगोलात डोंगर आणि एकांत यांची जोडी अशी पक्की बसलेली आहे.

पण एकांत म्हणजे माणसांचा संपूर्ण अभाव, असा अर्थ या परंपरेने सरसकट घेतलेला नाही. तेराव्या अध्यायातील त्या लक्षणावर भाष्य करताना शंकराचार्यांनी एक महत्त्वाचा भेद केला आहे. टाळायचा तो संस्कार नसलेल्या, अविनीत लोकांचा मेळावा. संस्कारी आणि विनयशील माणसांची संगत इथे वर्ज्य नाही, कारण ती ज्ञानाला उपकारक असते. संन्यासाचा कट्टर पुरस्कर्ता मानला जाणारा भाष्यकारच ही सवलत देतो, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. त्याच्या लेखी प्रश्न माणसे किती आहेत हा नसून, त्यांच्या असण्याने मनाचे काय होते, हा आहे.

हाच भेद सह्याद्रीच्या कातळात कोरलेला दिसतो. मावळातील भाजे, कार्ले आणि बेडसे येथील बौद्ध लेणी इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकापासून पुढे कोरली गेली. तिथल्या विहारांची रचना लक्षपूर्वक पाहावी. एका भिक्षूला पुरेल एवढी लहान खोली, तिच्यात निजायला दगडी ओटा. अशा अनेक खोल्यांची दारे मात्र मधल्या एकाच मंडपात उघडतात. शेजारी सर्वांच्या वंदनेसाठी चैत्यगृह आणि सर्वांसाठी पाण्याची टाकी. खोली एकट्याची, दार सर्वांकडे, असा हा आराखडा आहे. कार्ल्याच्या चैत्यगृहातील खांबांवर दान देणाऱ्यांची नावे कोरलेली आहेत. डोंगरातला तो एकांत खालून घाटवाटेने जाणाऱ्या व्यापाऱ्यांच्या आणि गावकऱ्यांच्या आधारावर उभा होता. निवासाची जागा गावापासून फार दूर नसावी आणि फार जवळही नसावी, हा विनयातला, म्हणजे भिक्षूंच्या नियमांतला विचार या लेण्यांच्या जागांकडे पाहिला की सहज पटतो.

बौद्ध ग्रंथांत या प्रश्नाची दोन्ही टोके सापडतात. सुत्तनिपातातील खग्गविसाणसुत्त गेंड्याच्या एकुलत्या शिंगाची उपमा देऊन एकट्याने विहार करावा, असे सांगते. पण शहाणा, सदाचारी सोबती मिळाला तर त्याच्यासह आनंदाने चालावे, असेही तेच सुत्त सांगते. कल्याणमित्रता हा धर्माचरणाचा अर्धा भाग आहे, असे शिष्य आनंद म्हणाला, तेव्हा बुद्धांनी त्याला दुरुस्त केले आणि तो अर्धा नसून संपूर्ण भाग आहे, असे सांगितले.

विनयपिटकातील एक प्रसंग यापुढे जातो. काही भिक्षूंनी पावसाळ्याचे तीन महिने एकत्र राहताना भांडण नको म्हणून एकमेकांशी अजिबात बोलायचे नाही, असे ठरवले आणि ते पाळले. त्यांना वाटले, आपले कौतुक होईल. बुद्धांनी मात्र हे जनावरांसारखे एकत्र राहणे झाले, असे म्हणून त्यांची कानउघाडणी केली. वर्षावासाच्या अखेरीस भिक्षूंनी एकमेकांना आपले दोष दाखवण्याची विनंती करावी, हा पवारणेचा विधी या प्रसंगातून आला, असे तो ग्रंथ सांगतो. याउलट अनुरुद्ध, नंदिय आणि किंबिल या तिघांचे सहजीवन आदर्श मानले गेले. भिक्षेहून आधी परतलेला आसने मांडून पाणी भरून ठेवी, मागून येणारा आवराआवर करी. जड घागर उचलायची असेल तर हाताच्या खुणेने दुसऱ्याला बोलवत. एरवी शांतता असे आणि दर पाचव्या रात्री धर्मचर्चा रंगे. दूध आणि पाणी मिसळावे तसे ते राहत, अशी उपमा तिथे आहे. गप्प राहणे दोन्हीकडे होते. पहिल्या गटाचे मौन एकमेकांना टाळण्यासाठी होते, तर या तिघांच्या मौनात एकमेकांची काळजी होती.

यात्रेची परंपरा सोबतीचे मोल वेगळ्या तऱ्हेने जाणते. जेजुरीचा खंडोबा, वणीची सप्तशृंगी, वाडी रत्नागिरीचा जोतिबा, शिखर शिंगणापूरचा शंभू महादेव हे सगळे उंचावरचे देव. त्यांच्याकडे माणूस कुळासह, गावासह जातो. शिंगणापूरला चैत्रातल्या यात्रेत पाण्याच्या कावडी अवघड मुंगी घाटातून वर चढवतात. ती कावड एकट्याच्या खांद्यावर वर जात नाही. एकमेकांना हात देत, साखळी धरून ती चढवावी लागते. वारीतही चालणाऱ्यांचे एकक व्यक्ती हे नसते, दिंडी हे असते. तीर्थ या शब्दाचा मूळ अर्थ नदीचा उतार, म्हणजे पाणी ओलांडण्याची जागा. शास्त्रकारांनी तीर्थांचे स्थावर, जंगम आणि मानस असे प्रकार सांगितले. पर्वत आणि नद्या ही स्थावर तीर्थे, सत्पुरुष हे चालते-बोलते जंगम तीर्थ आणि सत्य, क्षमा, दया यांसारखे गुण हे मानस तीर्थ. या मांडणीत डोंगर आणि सोबतीचा माणूस दोघेही तीर्थ ठरतात.

आजची सहल यात्रेपेक्षा वेगळी आहे. तिला तिथी नसते, नवस नसतो. तिचा दिवस पंचांग ठरवत नाही, कामाचे वेळापत्रक ठरवते. तरीही हा दिवस मिळाला त्या कथेत एक डोंगरदेव आहेच. सत्यशोधक चळवळीतील कामगार नेते नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी रविवारच्या सुट्टीची मागणी लावून धरली आणि १८९० मध्ये ती मान्य झाली. रविवार हा खंडोबाचा वार, हेही त्या मागणीचे एक कारण सांगितले जाते. राज्य सरकारी कर्मचाऱ्यांना पाच दिवसांचा आठवडा फेब्रुवारी २०२० च्या अखेरीस लागू झाला. अनेक खासगी कंपन्यांत तो त्याआधीच रुळला होता. शनिवार-रविवारची जोडसुट्टी आली आणि गडावरचा एक मुक्काम नोकरदारांच्याही आवाक्यात आला.

डोंगरावर सोबत किती दूरवर टिकते, याची सर्वात कठोर कसोटी महाभारताच्या महाप्रस्थानिक पर्वात आहे. पाच पांडव आणि द्रौपदी हिमालयाकडे निघतात, मागून एक कुत्रा येतो. आधी द्रौपदी पडते, मग सहदेव, नकुल, अर्जुन आणि शेवटी भीम. युधिष्ठिर प्रत्येकाच्या पडण्याचे कारण सांगतो: पक्षपात, बुद्धीचा गर्व, रूपाचा गर्व, पराक्रमाची बढाई, बळाचा तोरा. तो थांबत नाही, मागे वळून पाहत नाही. पण इंद्र रथ घेऊन येतो आणि कुत्र्याला सोडून ये म्हणतो, तेव्हा तोच युधिष्ठिर स्वर्ग नाकारतो. आश्रयाला आलेल्या, निष्ठेने मागे आलेल्या जिवाला टाकणे त्याला पाप वाटते. या कथेतून दोन गोष्टी एकाच वेळी निघतात. शेवटची वाट ज्याची त्याने चालायची असते, दुसऱ्याचे पुण्य उसने मिळत नाही. आणि तरीही सोबत चालणाऱ्याला टाकून गाठलेला माथा धर्माला मान्य नाही.

युरोपातही हा प्रश्न एका डोंगराच्या निमित्ताने मांडला गेला. इटालियन कवी पेट्रार्क १३३६ मध्ये फ्रान्सच्या दक्षिणेतील व्हाँतू पर्वतावर चढला. त्याविषयीच्या प्रसिद्ध पत्रात सोबती निवडताना आलेली अडचण त्याने सविस्तर लिहिली आहे. एक मित्र फार मंद, दुसरा फार घाईचा. एक फार उदास, दुसरा फार आनंदी. घरी प्रेमामुळे खपून जाणारे दोष प्रवासात जड होतात, हे जाणून अखेर त्याने धाकट्या भावाला बरोबर घेतले. माथ्यावर त्याने संत ऑगस्टिनचे ‘कन्फेशन्स’ उघडले. माणसे पर्वतांचे नवल करतात आणि स्वतःकडे पाहायला विसरतात, हा त्यातला विचार समोर येताच तो अंतर्मुख झाला आणि उतरताना बोलला नाही. भाऊ शेजारी होता, तरी ते अंतर्मुख होणे अडले नाही. हे पत्र चढाईनंतर बऱ्याच वर्षांनी लिहिले गेले असावे, असे काही अभ्यासकांना वाटते. पण त्यामुळे प्रश्नाची धार कमी होत नाही.

मैत्रीचे तत्त्वज्ञान मांडणाऱ्या ॲरिस्टॉटलने मैत्रीचे तीन प्रकार केले: उपयोगाची, सुखाची आणि सद्गुणांची. सहलीचा गट बहुधा पहिल्या दोन प्रकारांनी जमतो. एकाकडे गाडी असते, एकाला वाट माहीत असते, एकजण हसवत ठेवतो. ॲरिस्टॉटलच्या मते तिसऱ्या प्रकाराला वेळ लागतो. बरोबर मीठ खाल्ल्याशिवाय माणसे एकमेकांना ओळखत नाहीत, ही लोकोक्ती त्याने त्यासाठी दिली आहे. मराठीत खाल्ल्या मिठाला जागणे म्हणजे अन्नदात्याशी इमान राखणे. ग्रीक म्हणीतले मीठ बरोबरीच्या माणसांनी वाटून खाल्लेले आहे. डोंगरावर हे मीठ लवकर खाल्ले जाते. घसाऱ्याच्या वाटेवर कोण हात देतो, टाक्यावरून पाणी आणायला कोण उठतो, आपली बाटली संपल्यावर कोण दुसऱ्याची मागतो आणि कोण स्वतःची पुढे करतो, हे एका मुक्कामात कळते. शहरात ज्या स्वभावावर वर्षानुवर्षे पांघरूण राहते, तो दोन तासांच्या चढणीत उघडा पडतो.

यावर एक आक्षेप घेता येईल. शनिवार-रविवारची सहल ही करमणूक आहे. तिला साधनेच्या आणि तीर्थाच्या पंगतीत बसवणे म्हणजे मौजेला उसने पावित्र्य देणे होय. आक्षेपात तथ्य आहे. डोंगर चढल्याने कोणी योगी होत नाही. पावसाळी शनिवार-रविवारी लोहगडाच्या पायऱ्यांवर किंवा कळसूबाईच्या शिड्यांवर लागणारी रांग, स्पीकरवरची गाणी आणि मागे राहणारा कचरा पाहिला, तर शंकराचार्यांनी वर्ज्य सांगितलेला मेळावाच तिथे भरलेला दिसतो. पण यात्रेतही मौज असते, जत्रेत पाळणे असतात आणि विहाराचा खर्च व्यापारी उचलत होते. पवित्र आणि लौकिक यांच्यात डोंगराने कधी कडेकोट भिंत घातलेली नाही. म्हणून हेतूपेक्षा वर्तन हीच कसोटी अधिक भरवशाची.

या कसोटीसाठी सोबत आणि गर्दी यांतला फरक नेमका सांगावा लागतो. गर्दीत माणूस सतत इतरांच्या नजरेत असतो आणि त्या नजरेसाठी काहीतरी करत राहतो. माथ्यावर पोहोचताच आधी छायाचित्र काढणारा माणूस एकटा आला असला तरी गर्दी बरोबर घेऊन आलेला असतो. सोबतीत ही नजर सैल होते. दमलो म्हणायला लाज वाटत नाही, बोललेच पाहिजे असे वाटत नाही. कोकणकड्याच्या काठावर सूर्यास्ताला चार मित्र पाऊण तास न बोलता बसतात, तेव्हा प्रत्येकजण आपापल्या खोलीत असतो आणि सर्वांची दारे एकाच मंडपात उघडी असतात. एकट्या माणसाला त्या कड्यावर निर्धास्त बसता येईलच असे नाही. अंधार, परतीची वाट आणि पाय घसरण्याचे भय त्याचे मन गुंतवून ठेवते. सोबतीमुळे भय हटते आणि भय हटल्यावर चिंतनाला जागा होते. या अर्थाने सोबत ही एकांताची पूर्वतयारी ठरते.

सोबत घेऊन एकांताकडे जाता येते, पण त्यासाठी दोन गोष्टी पाळाव्या लागतात: दुसऱ्याचे मौन मोडू नये आणि दुसऱ्याला मागे टाकू नये. अनुभवी डोंगरभटक्यांच्या गटात दुसरा नियम आजही कसोशीने पाळला जातो. गटाचा वेग सर्वात हळू चालणाऱ्याच्या पायांनी ठरतो, आणि सर्वात मागे वाट जाणणारा एकजण मुद्दाम ठेवलेला असतो. तो शेवटच्या माणसाला घेऊन पायथ्याच्या गावात पोहोचला की मग मोजणी होते आणि सहल संपते.