मागणे आणि अडवणे

संतसज्जनहो, लेकराने आईबापाजवळ एखादी वस्तू मागावी, यात दोष आहे काय? प्रश्न वरवर लहान दिसतो. परंतु याच प्रश्नावरून किती घरांत अबोला चालला आहे, ते बघा. मुलगा म्हणतो मोबाइल घेऊन द्या, मोटारसायकल घेऊन द्या. आणि बाप मनातल्या मनात बी-बियाण्याचा हिशेब करीत बसतो.

मागणे हा दोष नव्हे, हे आधी सांगून टाकतो. लेकराने आईजवळ मागायचे नाही, तर कोणाजवळ? मागण्यात विश्वास असतो. दोष शिरतो तो मन वळवण्याच्या रीतीत.

नीतिशास्त्राने राजाला साम, दान, भेद आणि दंड असे चार उपाय सांगितले. मुलाला ते कोणी शिकवलेले नसतात, तरी चारही तो घरात चालवतो, बरं का! गोड बोलून मागेपुढे करतो, तो साम. 'पहिला नंबर आणीन' म्हणून कबूल करतो, ते दान. आईला एकीकडे गाठून बापाविरुद्ध उभी करतो, तो भेद. आणि पुढचे ताट सारून उपाशी निजतो, तो दंड. अहो, हे उपाय परक्या राजाला वळवण्यासाठी. आईबाप काय परके आहेत? 'अभ्यासाला हवा' असे तोंडाने म्हणावे आणि मनात खेळ असावा, तर ते कारण नव्हे, कारणाचे सोंग होय.

या सगळ्यांहून जिव्हारी लागणारे वाक्य म्हणजे 'सगळ्यांकडे आहे, माझ्याकडेच नाही.' महाभारताच्या आदिपर्वात याचा दाखला आहे. श्रीमंतांची मुले दूध पिताना पाहून लहानगा अश्वत्थामा रडू लागला. द्रोण गाईसाठी हिंडले, पण गाय मिळाली नाही. इतर मुलांनी पाण्यात पीठ कालवून दिले, आणि 'मी दूध प्यालो' म्हणून पोर नाचू लागले. लोक हसले. ते बोल बापाला सोसवले नाहीत. द्रोण द्रुपदाच्या दारी गेले, तेथे अपमान झाला, आणि त्यातून उठलेले वैर पुढे द्रोणांच्या प्राणांवर बेतले. यात बालकाचा दोष नाही. त्याला कळत नव्हते. परंतु ज्याला कळते, त्याने तरी आपले मागणे बापाला कोणाच्या दारी उभे करील, याचा विचार करावा की नको?

आईबापांकडेही एक कर्तव्य आहे. उपमन्यूच्या आईनेही आधी पिठाचे पाणीच पुढे केले. हे दूध नव्हे, असे मुलाने ओळखले, तेव्हा मात्र तिने खरे सांगितले, की बाळा, आपण वनात राहणारे, आपल्याला दूध कोठले? त्या खरेपणाने मूल खचले नाही. उलट तपाला लागले. म्हणून 'पुढच्या महिन्यात बघू' असे पिठाचे पाणी पाजण्यापेक्षा घरातली ऐपत मुलापुढे मांडावी. पोरांना जेवढे कळते, तेवढे आपल्याला वाटत नाही.

कोणी शंका घेईल, की वस्तू खरोखर गरजेची असली तर? शाळा लांब आहे, मुलीला सायकल हवी आहे. मग तिने गप्प बसावे काय? मुळीच नाही. तिने स्पष्ट मागावे, किंमत सांगावी, जुनी चालेल का तेही सांगावे, आणि मग उत्तराची वाट पाहावी. कसोटी एकच आहे. मागून झाल्यावर 'नाही' म्हणायला आईबाप मोकळे राहिले, तर ते मागणे. तेवढी वाट ठेवली नाही, तर ते अडवणे. अडवून घेतलेली वस्तू घरात येते, पण तिच्याबरोबर बापाचे कर्जही येते.

पुंडलिकाने आईबापांच्या सेवेसाठी प्रत्यक्ष देवाला विटेवर थांबवले. मग आईबापांसाठी आपली हौस एक सुगीभर थांबू शकत नाही काय?