कुंडीतले राखणदार

एका जिवाकडून दुसऱ्या जिवाचा नाश करवून घेणे योग्य आहे काय? प्रश्न मोठा वाटतो. परंतु तो आपल्या खिडकीतल्या कुंडीपाशीही उभा राहतो. जास्वंदीच्या शेंड्यावर कापसासारखा पिठ्या ढेकूण दिसतो. गुलाबाच्या पानाखाली लाल कोळी बारीक जाळे विणतो आणि पाने फिकट होऊन गळू लागतात. औषधाची बाटली आणावी, तर ज्या खोलीत ते विष फवारायचे त्याच खोलीत मुले अभ्यास करतात व म्हातारी माणसे निजतात. दुसरा मार्ग असा, की किडीला खाणारे मित्रकीटक आणून झाडावर सोडावेत. हे ऐकून अनेकांना हायसे वाटते. काहींना मात्र शंका येते : हे म्हणजे दुसऱ्याच्या खांद्यावर बंदूक ठेवणे नव्हे काय?

प्रथम हा मार्ग कसा सापडला ते पाहू. १९२६ साली इंग्लंडमधील हर्टफर्डशायर परगण्यात टोमॅटोच्या एका बागाइतदाराला काचघरातील पांढऱ्या माशीची काही पिल्ले काळी पडलेली दिसली. चेशंट येथील संशोधन केंद्रात स्पायर या शास्त्रज्ञाने त्याचा छडा लावला. एन्कार्सिया नावाचा, मिलिमीटरभरही लांब नसलेला, गांधीलमाशीच्या कुळातला एक कीटक त्या पिल्लांत अंडी घालतो. अंड्यातून निघालेली अळी पिल्लाला आतून खाऊन वाढते. पुढे हे कीटक वाढवून बागाइतदारांना पुरवण्यात आले. दुसऱ्या महायुद्धानंतर डीडीटीसारखी विषे आली आणि लोक त्यांना विसरले. विषांना किडी दाद देईनाशा झाल्या, तेव्हा पुन्हा त्यांचीच आठवण झाली. १९५८ साली चिली देशातून जर्मनीत आलेल्या ऑर्किडच्या झाडांवर फायटोसियुलस नावाचा परभक्षी कोळी आढळला. लाल कोळ्यांचा तो कट्टर वैरी. आपल्या देशात १८९८ साली ऑस्ट्रेलियातून क्रिप्टोलेमस नावाचा ढालकिडा कॉफीवरील खवले किडीसाठी आणला होता. त्या कामी तो उपयोगी पडला नाही, परंतु पिठ्या ढेकणावर त्याने दक्षिणेत चांगला जम बसवला. आजही तो प्रयोगशाळांत वाढवून द्राक्षाच्या बागांत सोडतात.

आता शंकेकडे वळू. जिवंत किड्याला आतून पोखरून खाणे ही गोष्ट पाहून मन शहारते. १८६० साली चार्ल्स डार्विन यांनी अमेरिकेतील वनस्पतिशास्त्रज्ञ एसा ग्रे यांना पत्र लिहिले, त्यात अशाच कीटकांचा दाखला होता. दयाळू देवाने असे प्राणी मुद्दाम घडवले असतील हे आपल्या मनाला पटत नाही, असा त्यांचा आशय होता. ग्रे स्वतः श्रद्धावंत ख्रिस्ती होते, आणि तरीही त्या दोघांचे स्नेहबंध तुटले नाहीत. या कोड्याचा पुरता उलगडा करण्याचा आव आपण आणू नये. एवढे मात्र स्पष्ट आहे, की क्रूरपणाला हेतू लागतो आणि त्या कीटकाच्या ठायी हेतू नाही, भूक आहे. हेतू असतो तो डबी उघडणाऱ्याच्या मनात. नांगी विंचवाची असली तरी विंचू सोडणारा हात माणसाचाच. म्हणून मित्रकीटक सोडल्याने आपले हात धुऊन निघतात, असे कोणी समजू नये. हिशेब आपल्याच नावावर राहतो.

मग विषात आणि राखणदारात फरक तो कोणता? पहिला फरक मर्यादेचा. विष मावा मारते, तसेच माव्याला खाणारा ढालकिडाही मारते. फायटोसियुलस मात्र लाल कोळी संपले की स्वतःही उपासमारीने संपतो. परंतु प्रत्येक राखणदार असा नसतो. १९३५ साली उसावरील भुंगेऱ्यांसाठी हवाई बेटांतून ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलंड प्रांतात मोठे बेडूक नेण्यात आले. त्यांनी भुंगेरे आवरले नाहीत. उलट ते स्वतःच पसरले, आणि त्यांच्या अंगच्या विषाने त्यांना खाणारे तेथले प्राणी मेले. आशियातला हार्मोनिया ढालकिडा युरोपच्या काचघरांत माव्यासाठी वापरला. तो बाहेर पडला आणि २००४ साली, कोणी मुद्दाम न आणताही, इंग्लंडात पोहोचला. तो तेथल्या ढालकिड्यांची अंडी व अळ्याही खातो. घराची खिडकी उघडीच असते. म्हणून घरात काय सोडावे हा केवळ घरचा प्रश्न नसतो.

दुसरा फरक ओळखीचा. बाटली वापरणाऱ्याला डोळे उघडून पाहण्याची फारशी गरज पडत नाही. राखणदार ठेवणाऱ्याला ती पडते. क्रिप्टोलेमसची अळी पांढऱ्या मेणचट लोकरीने झाकलेली, हुबेहूब पिठ्या ढेकणासारखी दिसते. घाईने पुसणारा माणूस शत्रूबरोबर मित्रालाही पुसून टाकतो. उलट, झाडावर निरुपद्रवी दिसणाऱ्या मुंग्या गोड चिकट रसाच्या आशेने पिठ्या ढेकणाचेच रक्षण करीत असतात. संडे स्कूलच्या शिक्षकांनी असे एखादे पान भिंगाखाली धरून मुलांना दाखवावे. दिसण्यावरून न्याय करू नये हा धडा मुले सहसा विसरणार नाहीत.

तिसरा फरक सर्वांत अवघड. राखणदार ठेवायचा तर त्याच्यापुरते भक्ष्य राहू द्यावे लागते. थोडी कीड, दोनचार डागाळलेली पाने सोसावी लागतात. एकही डाग नको असा ज्याचा हट्ट, त्याचा हात पुन्हा बाटलीकडेच जाणार. निदणाच्या दाखल्यातील धनी चाकरांना थांबवतो, ते निदण त्याला आवडते म्हणून नव्हे; उपटण्याच्या आवेशात गहूही जाईल म्हणून. तो दाखला किडीविषयी नाही, माणसांविषयी आहे. परंतु समूळ नायनाटाचा हव्यास कुंडीत शिरतो तसा घरात आणि मंडळीतही शिरतो, हे आपण पाहतोच.

तेव्हा मित्रकीटक सोडणे योग्य आहे, असेच मी म्हणेन; परंतु आधी आपल्या हाताने होईल ते करावे. ओल्या फडक्याने पाने पुसावीत, किडलेली फांदी छाटावी, मुंग्यांची वाट बंद करावी. त्यातून भागले नाही तर राखणदार आणावा. तो काय खातो, कोठे थांबतो आणि आपल्या भागातला आहे की परका, हे विचारून आणावा. आणि त्याने जे मारले ते आपणच मारले, असे मानून चालावे. ज्याला एवढे मान्य आहे त्याने डबी उघडावी.