रानातली शांतता कोणाची?

सुटीच्या दिवशी सकाळी बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या दाराशी उभे राहिले, की आपण रानात निघालो आहोत की जत्रेला, असा प्रश्न पडतो. तिकिटांची रांग, मुलांचा गलका, हाका आणि फोटो यांतून वाट काढीत आम्ही गेल्या हिवाळ्यात तेथे गेलो होतो. पुढे वनखात्याची परवानगी व वाटाड्या घेऊन शिलोंड्याच्या पायवाटेला वळलो आणि अर्ध्या तासात सारा गजबजाट मागे पडला. ओढ्याचे पाणी, सागाची वाळलेली पाने, मधूनच एखाद्या पाखराची शीळ. मन प्रार्थनेला लागले.

इतक्यात मागून एक टोळके आले. कोणाच्या तरी खिशात गाणे वाजत होते. आमच्या मनात पहिला विचार आला तो असा : ‘ही माणसे इथे कशाला आली?’ हा विचार नंतर आम्हांला फार बोचला. आम्ही तरी तेथे कशाला गेलो होतो? आणि आमच्या एकांतावर आमचा अधिक हक्क कोणी मान्य केला होता?

येथे दोन गोष्टी वेगळ्या केल्या पाहिजेत. रानाला शांतता हवी असते, हे खरे. सुमारे १०४ चौरस किलोमीटरच्या या वनात बिबट्यांचा वावर आहे. तुळशी व विहार हे तलाव मुंबईला पाणी पुरवितात. तेथे गाणी वाजवू नयेत, कचरा टाकू नये, ठरावीक संख्येहून अधिक माणसे पायवाटेवर सोडू नयेत, हे नियम न्याय्यच आहेत. कारण ते त्या मुक्या रहिवाशांसाठी आहेत. परंतु ‘मला एकटेपण लाभावे म्हणून इतरांनी येऊ नये’ ही इच्छा निराळी. ती रानावरील प्रेमाचा वेष घेऊन येते, पण तिच्या पोटी स्वार्थ असतो. दहा बाय दहाच्या खोलीत सहाजण राहणाऱ्या कुटुंबाला मोकळे आकाश दाखविणारी दुसरी जागा या महानगरात किती आहेत?

शिवाय या शांततेची किंमत आधीच कोणीतरी मोजली आहे. १९९७ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर उद्यानाच्या हद्दीतील हजारो झोपड्या हटविण्यात आल्या. वन वाचले पाहिजे, ही न्यायालयाची चिंता चुकीची होती असे आम्ही म्हणणार नाही. पण ज्यांच्यापाशी सर्वांत कमी होते, त्यांच्याच डोक्यावरचे छप्पर गेले, हेही विसरता येत नाही. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात धरित्रीचा आक्रोश आणि गरिबांचा आक्रोश वेगळे ऐकता येत नाहीत, हेच बजावले. रानात आम्ही जी शांतता उपभोगतो, ती मिळकत नव्हे. ते ऋण आहे.

याच डोंगरात कान्हेरीची शंभराहून अधिक लेणी आहेत. भिक्षूंच्या कोठडीत बसायला दगडी ओटा आणि दाराशी पाण्याची पोढी. एकांताची इतकी नेटकी व्यवस्था क्वचितच दिसेल. पण तेथील शिलालेख वाचावेत, तर दात्यांमध्ये कल्याणचे आणि आपल्या वसईलगतच्या सोपाऱ्याचे लोक आढळतात. बाजारपेठेच्या दानावर ते मौन उभे होते. जनांपासून दूर गेलेल्या साधकालाही जनांनीच पोसले.

संत मार्कच्या शुभवर्तमानात प्रभू येशू थकलेल्या शिष्यांना घेऊन निर्जन स्थळी निघतो. लोक पायी धावत आधीच तेथे पोहोचतात. प्रभूचा एकांत हिरावला जातो, तरी त्याला राग येत नाही, कळवळा येतो. प्रभूने एकांत टाकून दिला, असेही नाही. त्याच दिवशी लोकांना जेवू घालून, निरोप देऊन तो प्रार्थनेसाठी डोंगरावर गेला. संत थॉमस अक्वायनस यांनी चिंतनातून लाभलेले इतरांना देणे हे केवळ चिंतनाहून श्रेष्ठ मानले, ते याच अर्थाने. एकांत हवाच, पण तो माणसांकडे परतण्यासाठी हवा.

त्या टोळक्यातील एका मुलाने आम्हांला विचारले, ‘फादर, हे पाणी कुठून येतं?’ गळ्यातील क्रूस पाहून त्याने ओळखले असावे. वाटाड्याने त्याला ओढ्याचा उगम कोणत्या दिशेला आहे ते दाखविले, ऐकण्यासाठी कोणीतरी गाणे बंद केले, आणि आम्ही सारे काही वेळ खडकावर गप्प बसून राहिलो. ती शांतता आधीच्या शांततेहून उणी नव्हती.

एक गोष्ट सांगायची राहिली. त्या सकाळी निघताना एक गृहस्थ आमच्या दाराशी आले होते. घरात काही कलह होता. आम्ही त्यांना ‘उद्या या’ म्हणून सांगितले होते, कारण आम्हांला शांती हवी होती. संध्याकाळी परतल्यावर, कपडे न बदलताच, आम्ही त्यांच्या घरी गेलो.